फोटो कडेला काढा

माझा पाय घसरून मोडला नाही. हे आधीच लिहिते, कारण वर्षभर मला हेच सांगायचं होतं आणि कोणी ऐकून घेतलं नाही. बर्फात पाय मोडला एवढं कानावर पडलं की लोक पुढचं ऐकतच नाहीत. "घसरलात ना काकू? जपायला हवं होतं." मी जपूनच होते. दोन्ही पाय रोवून, पदर खोचून, फोटोसाठी उभी होते. ज्याला थांबता येत नव्हतं तो माणूस दुसरा होता.

मी नागपूरची. शाळा चौथीपर्यंत झाली. मुलगा मिलिंद सिएटलजवळ बॉथेलला सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. सून वैशालीलाही नोकरी लागली, तेव्हा नात प्रज्ञा शाळेतून येईल त्या वेळी घरात कोणी हवं म्हणून मी इकडे आले. प्रज्ञाचे आजोबा नागपूरलाच राहिले, त्यांची नोकरी अजून उरली होती.

चारचौघांत बोलायची मला सवय नाही. कुणाकडे जेवायला गेलो की मी स्वयंपाकघराच्या दाराजवळची खुर्ची धरते आणि विचारलं तेवढ्याचंच उत्तर देते. वैशाली म्हणाली, "आई, तुम्ही सगळं आत कोंडून ठेवता. बोलत नाही तर लिहून तरी काढा." म्हणून हे लिहिलं. मुलांकडे येणाऱ्या माझ्यासारख्या बायका इकडे पुष्कळ आहेत. त्यांनाही कधीतरी कोणीतरी बर्फ दाखवायला नेणारच. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती हे पडलं तर एखादा पाय वाचेल.

तो रविवार

इकडची आपली सात-आठ कुटुंबं मिळून बर्फाच्या डोंगरावर स्कीला गेलो होतो, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत खाली यायला. पुढाकार शेखरचा. शेखर पुण्याचा, मिलिंदच्याच कंपनीत, त्याच्याआधी आलेला. मिलिंद पहिल्यांदा विमानातून उतरला तेव्हा त्याला घ्यायला शेखर गेला होता. घर मिळेपर्यंत मिलिंद त्याच्याकडेच राहिला. मनाने मोकळा माणूस आहे, कोणाच्याही मदतीला धावतो. पण कोणाचं ऐकत नाही. आणि त्याने एवढी मदत करून ठेवली आहे की त्याला काही सांगायची कोणाची जीभ रेटत नाही. माझ्या सगळ्या दुखण्याचं मूळ इथे आहे.

तिथे गेल्यावर मुलांना शिकवणाऱ्या बाईंच्या वर्गात घातलं. प्रज्ञाही गेली. मोठ्यांसाठीही वर्ग होता. शेखर हसला. "लेसन कशाला यार? मी दोनदा आलोय. खाली तर यायचंय, गुरुत्वाकर्षण शिकवायला लागतं का?" सगळे हसले. मीही हसले.

मग फोटोची टूम निघाली. आपल्या लोकांचं हे मला कळत नाही. कुठेही जा, धबधबा असो की विमानतळ, सगळ्यांनी एकत्र उभं राहून फोटो झाल्याशिवाय गेल्यासारखं वाटत नाही. आणि उभं राहायचं तेही बरोबर मधोमध, लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर. शेखर म्हणाला, "तुम्ही सगळे उतारावर मध्ये उभे राहा. मी वरून येतो, तुमच्या पुढ्यात असा वळून थांबतो, बर्फ उडतो मस्त, आणि त्याच क्षणी फोटो." मिलिंदचा दुसरा एक मित्र कॅमेरा घेऊन खाली उभा राहिला.

जिथे आम्ही उभे राहिलो त्याच्या वर एक उंचवटा होता. उंचवट्याच्या पलीकडचं आम्हाला दिसत नव्हतं आणि पलीकडच्यांना आम्ही दिसत नव्हतो. हे मला आज कळतं. तेव्हा मी एवढंच बघत होते की वैशालीचा कोट साडीवर नीट बसलाय की नाही.

डोंगरावर लक्ष ठेवणारी एक लाल जॅकेटवाली बाई आमच्याजवळ येऊन थांबली. हात करून म्हणाली की इथून निघा, कडेला जा. शेखरची बायको नीता गोड हसून म्हणाली, "यस यस, वन मिनट, वन फोटो." बाईने उंचवट्याकडे बोट दाखवलं, पुन्हा सांगितलं. तेवढ्यात खाली कोणीतरी मूल पडून रडायला लागलं म्हणून ती तिकडे गेली. आपली माणसं म्हणाली, "गेली. चला, पटकन."

कडेला जाणं हे पटकन झालं असतं. तेवढं कोणाला सुचलं नाही.

मग उंचवट्यावरून शेखर आला. सुरुवातीला हात पसरून, हिरोसारखा. मग त्याचं तोंड बदललेलं मी बघितलं. "अरे हटा! हटा यार, हटा!" जी तरणी होती ती दोन्हीकडे पळाली. माझ्या पायात वैशालीचे मोठे बूट, आत मोजे दोनदोन, वर साडी. मी एक पाऊल उचललं, तेवढंच.

उभ्या राहून बघा

पडल्यावर पहिल्यांदा काही दुखलं नाही. थंडगार वाटलं आणि तोंडात बर्फ गेला. खरं दुखणं आपल्या माणसांनी सुरू केलं.

सगळे माझ्याभोवती. "काकू, काही नाही, मुरगळलाय नुसता." "उभ्या राहून बघा." "उभं केलं की रक्त चालू होतं." कोणी काखेत हात घातला, कोणी कमरेला धरलं. एकीने पर्समधून बाम काढला आणि बर्फात बसून माझा मोजा खाली करायला लागली. नीता थर्मासचा चहा माझ्या तोंडाला लावत होती. आणि दोघांनी मिळून मला खरंच उभं केलं.

पायातून जो आवाज आला तो मी इथे लिहीत नाही.

ती लाल जॅकेटवाली बाई ओरडत झपाट्याने आली. तिने आधी आपल्या दोन्ही स्की काढल्या, माझ्या वरच्या बाजूला बर्फात आडव्या-तिडव्या रोवल्या, म्हणजे वरून येणाऱ्याला लांबूनच दिसेल की इथे माणूस पडलंय. मग सगळ्यांना हाताने झाडांकडे ढकललं. ढकललंच, खोटं सांगत नाही. नंतर ती माझ्याजवळ गुडघ्यावर बसली, माझा चेहरा आपल्या हातमोज्यांत धरला आणि हळू आवाजात बोलत राहिली. मला एक अक्षर कळलं नाही. पण त्या दिवसात माझ्याशी नीट बोललेली ती पहिली बाई.

मला ढकलगाडीसारख्या घसरगाडीत बांधून खाली नेलं. मागून शेखरचा आवाज येत होता, "मी ओरडलो होतो ना, हटा म्हणून!"

एकाचे दोन

इस्पितळात पायाचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होता, मिलिंदशी बराच वेळ बोलला. मिलिंदने मान हलवली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "आई, थोडा क्रॅक आहे."

भिंतीवरच्या दिव्यावर तो फोटो लावलेला होता, माझ्या समोरच. गुडघ्याखालचं मोठं हाड एका जागी सरळ येत होतं आणि मग बाजूला सरकून पुन्हा सुरू होत होतं. चौथी शिकलेल्या माणसालाही एकाचे दोन झालेले कळतात.

मी म्हटलं, "मिलिंद, खरं सांग."

"ऑपरेशन आहे. आत सळई घालतील. सगळ्यांची होतात, आई. रुटीन आहे."

रुटीन हा शब्द मला कळतो. तो ज्याचा पाय नसतो त्याचा शब्द आहे.

मला वेगळीच भीती वाटली. रोज सकाळी खाली बसून बुद्धवंदना घेतल्याशिवाय मी चहा पीत नाही. लहानपणापासूनची सवय. मांडी घातल्याशिवाय माझं मन बसत नाही. मी विचारलं, "मला खाली बसता येईल का?" मिलिंदने डॉक्टरला विचारलं असावं. डॉक्टरने खुर्चीकडे बोट दाखवलं. त्याला वाटलं, म्हातारीला बसायचंय.

नागपूरला फोन लावला. प्रज्ञाच्या आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य काय बोलले? "तुले कोनं सांगतलं होतं बर्फात जायाले?" मी फोन मिलिंदच्या हातात दिला. बाकी सगळे निदान तोंडावर गोड बोलत होते.

किती दुखतंय

इस्पितळात सगळं स्वच्छ होतं आणि कोणी आवाज चढवत नव्हतं. तरीही तिथे राहून माझा जीव रोज थोडा थोडा वैतागत गेला.

अंगावर जो झगा दिला होता तो मागून उघडा. मी साडी मागितली तर नर्स हसल्या. पाणी मागितलं की ग्लासभर बर्फ. बर्फानेच मला इथवर आणलं होतं, तरी प्यायलाही तोच. आणि दर थोड्या वेळाने एक नर्स यायची आणि विचारायची, एक ते दहामध्ये किती दुखतंय?

हा काय प्रश्न झाला? दुखणं काय तराजूत घालतात? आणि परक्या बाईला आपण दहा कसं सांगायचं? तिला वाटेल, बाई रडूबाई आहे. मी म्हणायची, "थ्री." ती खूश होऊन जायची. मी दात आवळून पडून राहायची.

संध्याकाळी प्रज्ञा आली, पलंगाच्या कठड्यावर हनुवटी टेकून माझ्याकडे बघत बसली. वैशालीला म्हणाली, "मॉम, आजी इज लाइंग. लुक ॲट हर हँड." मी चादर मुठीत घट्ट धरली होती. वैशालीने माझी मूठ उघडली. "आई, किती सांगितलं तुम्ही नर्सला?"

"तीन."

"तीन?" ती एकदम कडाडली. "तुम्ही तीन सांगता म्हणून त्या गोळी देत नाहीत! इथे जितकं सांगाल तितकंच खरं धरतात. तोंड बघून कोणी ओळखत नाही."

प्रज्ञा म्हणाली, "आजी, यू हॅव टू टेल देम टेन."

पुढच्या वेळी मी सात म्हटलं. दहा म्हणायची हिंमत झाली नाही. पण सातानेही गोळी मिळाली आणि मी झोपले.

एक नर्स फिलिपाइन्सची होती, माझ्याच वयाची असेल. तिने एकदा बघितलं की मी बर्फाचा ग्लास छातीशी धरून तो वितळायची वाट बघते. ती कपात गरम पाणी घेऊन आली, नुसतं पाणी. दुसऱ्या दिवशी तिची पाळी नव्हती, तरी गरम पाणी आलं. तिने समोरच्या पाटीवर लिहून ठेवलं होतं, हे नंतर वैशालीने वाचून सांगितलं. माझ्या सगळ्या आजारपणात माझं न मागता ओळखणारी ती एकटी. तिचं भलं होवो.

बघायला येणारे

घरी आल्यावर खरा आजार सुरू झाला. बघायला येणाऱ्यांचा.

बसायच्या खोलीत माझा पलंग टाकला होता. म्हणजे दार उघडलं की मीच. लोक शनिवार-रविवारी यायचे, जोडीने, मुलांसकट. प्रत्येक जण आधी पायाकडे बघायचा, मग माझ्याकडे. मग कोणाच्या तरी मावशीची गोष्ट, जिचा पाय असाच मोडला आणि मग कधीच सरळ झाला नाही. आणि शेवटी ते वाक्य: "साडी नेसून कशाला गेलात बर्फात?"

जसं काही साडी बघून शेखर माझ्यावर आला.

वैशाली ऑफिसातून यायची, कोट काढायची आणि थेट चहाचं आधण. मला सगळं दिसायचं, उठता येत नव्हतं. एकदा पाहुणे गेल्यावर ती सिंकपाशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "आई, सगळे विचारतात तेव्हा तुम्ही 'काही नाही, बरी आहे' म्हणता. ते गेले की माझ्याजवळ कण्हता. मग त्यांना वाटतं मी उगाच थकल्याचं नाटक करते."

मी म्हटलं, "कपबश्या राहू दे."

"राहू देऊन कोण धुणार?" म्हणाली, आणि मग स्वतःच हसली. आमची भांडणं तिथेच संपायची. वैशालीचा राग मला कधी लागला नाही, कारण तो सरळ यायचा.

मिलिंद आणि तिचं मात्र शेखरवरून खरं वाजलं. ती म्हणाली, "त्याने एकदा तरी म्हटलं का, चूक झाली म्हणून?" मिलिंद म्हणाला, "तो किती हळवा झालाय तुला माहीत नाही. ॲक्सिडेंट होता, वैशाली. त्याच्या घरी मी राहिलोय." वैशाली म्हणाली, "मग त्याचं भाडं आईच्या पायाने द्यायचं का?"

हळवा झालेला शेखर एकदा नीतासह आला. बेसनाचे लाडू घेऊन आला, खुर्ची ओढून बसला, लाडवांचा डबा माझ्या पुढ्यात सरकवला. मला वाटलं, आता बोलेल. त्याच वेळी आणखी एक कुटुंब आलं आणि शेखरचा चेहरा उजळला. "काय सांगू यार! मी वरून बॉलसारखा येतोय, सगळे फिल्डर पळाले, आणि काकू एकट्या स्टंपसारख्या उभ्या! क्लीन बोल्ड!"

सगळे हसले. मी पण हसले. काय करणार? पाहुण्यांसमोर तोंड वाकडं करायची आपली पद्धत नाही. आणि तो निघताना दारात म्हणाला, "काकू, तुम्ही मनाला लावून घेतलं नाही ना?" मी म्हटलं, "नाही रे."

इथेही मी तीनच सांगितले.

ती बोल्डची गोष्ट पुढे प्रत्येक वाढदिवसाला, प्रत्येक जेवणाला झाली. दर वेळी त्यात थोडी भर पडायची. होता होता गोष्टीत मीच त्याच्या वाटेत धावत आलेली झाले.

टॉवेलचा डोंगर

पायाला व्यायाम देणारी कॅरन घरी यायची. उंच, जाड वेणी घालणारी. मला वॉकर दिला होता, चार पायांचा, त्याच्या पायांना टेनिसचे चेंडू कापून लावलेले, म्हणजे जमिनीवर खरवडत नाही. तो घेऊन मी दारापासून फ्रिजपर्यंत जायची आणि कॅरन टाळ्या वाजवायची. मला लाज वाटायची, पण बरंही वाटायचं.

एकदा वैशाली घरी होती तेव्हा कॅरनने विचारलं, हे झालं तरी कसं? ती स्वतः दर रविवारी स्कीला जाणारी. वैशालीने सांगितलं. कॅरनने आधी कमरेवर हात ठेवले. मग माझा टॉवेल गुंडाळला, पलंगावर उंचवटा केला, खाली माझ्या गोळ्यांच्या बाटल्या उभ्या केल्या, ती आमची माणसं, आणि वर एक चमचा धरला, तो शेखर.

"वरच्याला खालचे दिसतायत का?" तिने विचारलं. मी वाकून बघितलं. टॉवेलमुळे नव्हते दिसत.

मग ती सांगत गेली आणि वैशाली मराठीत करत गेली. खाली, पुढे असतो त्याचा हक्क पहिला. वरून येणाऱ्याने त्याला जपायचं, कारण पुढच्याला पाठीला डोळे नसतात. ज्याला थांबता येत नाही त्याने वर जायचंच नाही. "बाजूला व्हा" असं ओरडणं म्हणजे थांबणं नव्हे. पण उभं राहणाऱ्यालाही नियम आहे. थांबायचं ते कडेला, वरून दिसेल अशा जागी. उंचवट्याखाली तर कधीच नाही. पुन्हा निघताना आधी वर बघायचं. कोणी पडलं तर वरच्या बाजूला स्की रोवायच्या, मदत मागवायची, आणि त्या माणसाला हलवायचं नाही. हे सगळं माणसांना वर नेणाऱ्या पाळण्यापाशी मोठ्या पाटीवर लिहिलेलं असतं म्हणे. आमच्यातले सगळे इंग्रजी वाचणारे होते. त्या पाटीजवळसुद्धा आम्ही एक फोटो काढला होता.

"म्हणजे दोघांचंही चुकलं," मी म्हटलं.

कॅरनने चमचा बाटल्यांवर आपटला. बाटल्या गडगडत खाली गेल्या. "बोथ," ती म्हणाली. मला ते तिच्या तोंडून ऐकून हलकं वाटलं. सगळं साडीवर येत होतं ते निदान थोडं वाटलं गेलं.

पुढचा हिवाळा

पाय भरला. हळूहळू भरला, चिडचिड करत भरला. काठी राहिली. मांडी पूर्ण बसत नाही. वैशालीने एक बुटकं स्टूल आणलं, त्यावर बसून मी वंदना घेते. पहिल्या दिवशी त्यावर बसल्यावर मी बराच वेळ उठले नाही. एवढं परत मिळालं, पुरे.

मग पुन्हा थंडी आली आणि शेखर आमच्याकडे जेवायला आला असताना म्हणाला, "चला, ह्या वर्षी पुन्हा. प्रज्ञाला मी घेऊन जातो वर. माझ्या पुढ्यात उभी करतो, दोघं मस्त खाली येऊ."

प्रज्ञा आईकडे बघायला लागली. मिलिंद म्हणाला, "बघू ना." मिलिंदचं 'बघू' म्हणजे 'हो'. वैशालीच्या हातातली पळी थांबली. ती बोलणार हे मला दिसलं, आणि मिलिंदने तिच्याकडे बघितलेलंही दिसलं. तिने पळी भांड्यात ठेवली. मी दाराजवळच्या खुर्चीवर होते. माझ्या तोंडात शब्द आले होते. मी ते भाताबरोबर गिळले.

त्यानंतर मला दुसरं काही सुचेना. मुलीचा पाय केवढा असतो? माझ्या मनगटाएवढा. वैशाली म्हणाली, "आई, मी मिलिंदशी बोलते." ती बोलली, भांडली. मिलिंद म्हणाला, "तो वर्षभरात काही शिकला असेल गं." मी विचारलं, "कुठे शिकला?" तो फोन बघायला लागला.

मला घरी राहायला सांगत होते. मी म्हटलं, मी येणार. मिलिंदला वाटलं, आईची भीती गेली.

डोंगर तोच. मी खाली कडेला एका बाकावर बसले, काठी मांडीवर. सगळी मंडळी उताराकडे निघाली. नीता म्हणाली, "मागच्याच जागेवर घेऊ फोटो. आठवण!" शेखर प्रज्ञाचा हात धरून पाळण्याकडे वळला. माझ्याजवळून जाताना म्हणाला, "काकू, ह्या वर्षी स्टंप नाहीत का आमचे? खुर्ची आणू का मध्ये?"

माझं काय झालं मला सांगता येत नाही. मी काठीवर भार देऊन उभी राहिले आणि ओरडले. एवढ्या मोठ्याने मी कधी ओरडल्याचं मला आठवत नाही. "शेखर! पोरीचा हात सोड!"

तो थांबला. पहिल्यांदाच वेळेवर थांबला. उताराच्या मधोमध गेलेली मंडळीही वळून बघायला लागली. गोरी माणसंही बघायला लागली. माझे कान तापले होते, पण तोंड बंद होईना.

"आधी थांबायला शीक. शिकवणाऱ्यांकडे जाऊन शीक. मग पोरीला ने. आणि तुम्ही सगळे! त्या उंचवट्याखालून निघा. वरच्याला तुम्ही दिसत नाही. कडेला या! फोटो कडेलाही येतो!"

कोणी हललं नाही. शेखर हसायचा प्रयत्न करत होता. "काकू, अजून राग आहे का?"

"हो," मी म्हटलं. "आहे."

"पण तुम्ही तर म्हणाला होतात..."

"म्हटलं होतं. खोटं म्हटलं होतं. मला लोखंड घातलंय पायात, शेखर. तुला त्याची गंमत वाटते, मला थंडीत ते रोज दुखतं. दहा दुखतं."

प्रज्ञाने हात सोडवून घेतला आणि माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. मिलिंद खाली बघत होता. वैशाली उतारावर चढली, एकेकाला दंडाला धरून झाडांकडे आणायला लागली. नीता म्हणाली, "सगळा मूड घालवला." तरी आली. शेवटी शेखर स्की खांद्यावर टाकून आला, लाल झालेला, माझ्याकडे न बघता.

सॉरी तो आजवर म्हणालेला नाही. काही महिने आमच्याकडे आलाही नाही, आणि मिलिंदने मला त्याबद्दल एक-दोनदा टोचून बोलून दाखवलं. होऊ दे. बोल्डची गोष्ट मात्र त्यानंतर कोणाकडे ऐकू आली नाही. वर्गात गेला की नाही, मला माहीत नाही. प्रज्ञा मुलांच्या वर्गातच जाते आणि खाली यायच्या आधी वर बघते. मी बाकावरून मोजून घेते तिची मान वळलेली.

ज्या बायका हे वाचतील त्यांना एवढंच सांगते. कोणी तुम्हाला बर्फावर मधोमध उभं करत असेल तर उभ्या राहू नका. पडलात तर कोणालाही उभं करू देऊ नका, बाम लावणाऱ्यांना तर मुळीच नाही. आणि कोणी विचारलं किती दुखतंय, तर खरं काय ते सांगा.

त्या दिवशीचा फोटो वैशालीने फ्रेम करून भिंतीवर लावलाय. सगळे झाडांना चिकटून, कडेला, दाटीवाटीने. कोणी हसत नाही. शेखर भलतीकडे बघतोय, नीताचे डोळे मिटलेले. मी पुढे, काठी उगारलेली, आणि माझं तोंड उघडं. कारण मागे कोणीतरी पुन्हा उताराच्या मध्ये सरकत होतं.